तीन रिंगा

१९ ऑगस्ट, सोमवार

हाताला दोन राख्या!

बारक्यानं फोटो पाठवला. खाली लिहिलंय, "राखी पोचली गं, बांधली." बांधली ते दिसतंच आहे. माझी निळ्या रेशमाची, साधी, मनगटाच्या कडेला सरकलेली. आणि बरोब्बर मधोमध दुसरी! लाल, मोत्यांची, बशीएवढी.

लगेच फोन लावला. दुसरी कुणाची? तर म्हणे, "अगं, खालच्या मजल्यावरच्या ताईंची."

ताईंची!

आई गेली तेव्हा बारक्या नऊ वर्षांचा होता, मी सतरा. त्याचे डबे, त्याचा अभ्यास, त्याचा गोवर, त्याची दहावी, सगळं मी काढलं. बोलायला लागल्यापासून त्याच्या तोंडी ताई हा शब्द एकाच बाईसाठी आहे. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी साहेबांना दुसरी मिळाली. मी म्हटलं, "एक बहीण कमी पडत होती का तुला?" तर हसला. हसला मेला!

फोन ठेवून दिला. आजपासून अबोला.

२० ऑगस्ट

अबोला चालू.

हे म्हणाले, त्यानं एकदम बायको आणली असती तरी तू एवढी चिडली नसतीस. खरं आहे ते. बायको आली असती तर मी ओटी भरली असती. बायकोची जागा रिकामीच होती. माझी जागा रिकामी होती का?

हे खरं असलं तरी ह्यांनी ते बोलायला नको होतं. संध्याकाळचा चहा दिला नाही.

२५ ऑगस्ट

लेकीकडून माहिती काढली. मामा-भाचीचं रोज बोलणं असतं, ते मला आजच कळलं.

तर ही बाई शाळेची व्हॅन चालवते. नवरा नाही, मूलबाळ नाही. बारक्या तिकडे लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर बदलून गेला, त्याच आठवड्यात ती त्यांच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकली. चाळीस मिनिटं. हा बाहेर दारापाशी बसून तिच्याशी बोलत राहिला, घाबरू नये म्हणून. लिफ्टमधून निघाली ती थेट माझ्या जागेवर येऊन उभी राहिली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

लेक म्हणाली, खूप चांगल्या आहेत गं आई त्या. आता हिलाही वश केलंय!

इथं तिचं नाव लिहिणार नाही. नंबर दोन लिहीन. पुरे तेवढं.

५ सप्टेंबर, गुरुवार

आला! शेवटी आला शरण!

दुपारी लॅबमध्ये एका आजोबांच्या कवळीचं मेण चढवत होते. फोन समोरच होता. चार वाजून दहा मिनिटांनी पहिली रिंग. बारक्या. नाही उचलला. थांबला. दुसरी. नाही उचलला. मग तिसरी, ही जरा लांब वाजली. मग शांत.

तीन रिंगा!

हा आमचा जुना संकेत आहे. बारक्या होस्टेलवर राहायचा तेव्हा फोन खालच्या दुकानात होता, बोलायला रांग लागायची. तेव्हा ठरवलं. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे उद्या सावकाश बोलू. आणि भांडण झालं असेल तर लागोपाठ तीन. म्हणजे, ताई, राग सोड. मग मी उलट एक द्यायची, म्हणजे सोडला. मोबाइल आले तरी आम्ही ते मोडलं नाही. जगात कुणाला ठाऊक नाही हे, ह्यांनासुद्धा अर्धवटच. नंबर दोनला तर नाहीच नाही.

पण मी एवढ्यात सोडणार नाही. रविवारपर्यंत ताणणार. कळू दे त्याला, बहीण म्हणजे काय ते.

इतकं बरं वाटलं की आजोबांचे पुढचे चार दात एका झटक्यात बसवले. पॉलिशवाला म्हणाला, "बाई, आज गाणं म्हणताय." म्हणत होते!

६ सप्टेंबर

एकही फोन नाही. बरोबर आहे, वाट बघत असेल माझ्या रिंगेची.

बघू दे.

८ सप्टेंबर, रविवार

आज सोडायचा ठरला होता. सकाळी फोन हातात घेतला, मग वाटलं, त्यानं आणखी एकदा तरी करायला हवा होता. तीन रिंगा दिल्या आणि मोकळा झाला? पूर्वी दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यायचा. रडकुंडीला यायचा. आता तिकडे आहे ना कुणीतरी डोळे पुसायला.

उद्यावर टाकलं.

९ सप्टेंबर



दुपारी तीन वाजता एक रिंग दिली. सोडला म्हणून. एक वाजवायची आणि कापायची एवढंच. पण कापायच्या आत उचलला. पहिल्याच रिंगेला! आणि कुणी? तिनं!

"हॅलो, ताई? आत्ताच डोळा लागलाय त्यांचा. उठले की सांगू का?"

मी फोन ठेवला.

सोमवारी भर दुपारी तीनला ह्याचा डोळा लागतो! कामावर कोण जातं मग? आणि ही उशाशी बसून ह्याचे फोन घेते! फोनवर नाव बघून मला ताई म्हणते! तू कोण गं मला ताई म्हणणारी? माझा भाऊ घेतलास तो घेतलास, वर मलाही घेतेस?

त्याच कवळीत दोन्हीकडे डावेच सुळे बसवले. दातांच्या डॉक्टरांनी परत पाठवली.

१४ सप्टेंबर

मेसेज आला. "कामात अडकलो होतो गं ताई. बरा आहे. तू?"

मी लिहिलं, "हो."

एवढंच. दोन अक्षरंसुद्धा नाहीत, एकच.

२२ सप्टेंबर

शेवटी बोललो. मीच केला फोन. आपलेच दात, आपलेच ओठ, चावून घेणार किती? आवाज बसलेला वाटला. सर्दी म्हणाला. तीन रिंगांचं काहीच बोलला नाही, मीही काढलं नाही. नऊ तारखेचंही नाही. बोलता बोलता मागून आवाज आला, "गोळी घेतली का?"

सर्दीला गोळी! लहानपणी छाती भरली तरी ओवा भाजून शेकायचे मी, आणि हा खडखडीत बरा व्हायचा.

घाईघाईनं ठेवला त्यानं. मग ह्यांना म्हटलं, बघा, आता औषधपाणीसुद्धा तिकडेच. हे पेपरात तोंड घालून बसले. नेहमी काहीतरी टोमणा मारतात, आज नाही मारला.

६ ऑक्टोबर

ठरवलं! यंदाची दिवाळी आपल्याकडे दणक्यात. लॅबमधले, समोरची टेलरबाई, सगळ्यांना बोलवायचं. भाऊबीजेला घर भरलेलं पाहिजे. बारक्याला कळू दे त्याचं घर कुठलं ते.

फोन केला. येतो म्हणाला. मग घसा खाकरून, "ताई, त्यांनाही आणू का? सणाला एकट्याच असतात त्या."

मी म्हटलं, "आण की! त्यात विचारायचं काय?" इतकी गोड बोलले की माझे मलाच दात दुखले.

येऊ दे. बघून तरी घेऊ, एवढं काय आहे त्या बाईत.

२० ऑक्टोबर

लॅबमध्ये मान वर करायला फुरसत नाही. गावातल्या समस्त म्हाताऱ्यांना दिवाळीच्या आत दात हवेत. लाडू फोडायचेत! एक आजी स्वतः येऊन बसल्या होत्या, म्हणाल्या, मला सुनेचे दात आहेत तसे पांढरे कर. त्यांना छटांची पट्टी दाखवली. वयाला शोभतील असे पिवळसर घ्या म्हटलं तर रुसल्या. सत्तरीत सुनेच्या दातांवर डोळा! पॉलिशवाल्याला सांगून खूप हसले. मग घरी येताना हसू आपोआप थांबलं.

डोळे फार दुखतात हल्ली. बारीक काम दिसत नाही. मागे बारक्याला बोलले होते, विसरला असेल.

घराचं मात्र मार्गी लागतंय. पडदे धुतले. फराळाचे डबे भरत आलेत. बारक्यासाठी बेसनाचे वेगळे, जास्त तूप घालून, अगदी टाळूला चिकटतील असे.

३० ऑक्टोबर

आले.

जिन्यात उभी राहिले होते. आधी ती दिसली. दोन्ही खांद्यांना दोन बॅगा, हातात लाडवांचा डबा, धापा टाकत वर येतेय. आणि मागून आमचा राजा, मोकळ्या हातांनी, कठड्याला धरून, सावकाश! असा नव्हता हो बारक्या. आमच्या घरातला सिलिंडर चार मजले खांद्यावरून आणायचा. हमाल करून ठेवलंय त्यानं तिला की नवाब करून ठेवलंय तिनं त्याला, कळेना.

दिसायला अगदीच साधी आहे. पन्नाशीच्या आतली, केस आखूड, हात पुरुषासारखे राठ. मी मनात मोती-बिती घातलेली कुणीतरी उभी केली होती. वाकून नमस्कार करायला लागली, मी दोन पावलं मागं सरले. डब्यावर चिठ्ठी चिकटवलेली, "ताईंच्या घरासाठी", अक्षर मात्र मोत्यासारखं. डबा वरच्या फळीवर ठेवून दिला. आमच्याकडे लाडू कमी नाहीत.

बारक्या वाळलाय. पानावर बसला आणि दोन पोळ्यांवर हात धुतले. चार खाणारा माणूस! माझे बेसनाचे लाडू पुढं केले तर आधी त्यानं तिच्याकडे बघितलं. तिनं हळूच मान हलवली. आणि यानं अर्धा मोडून ठेवला!

तिला विचारून खातो माझ्या घरात.

हे मध्येच म्हणाले, अगं, प्रवासानं होतं तसं. ह्यांना काय कळतंय.

३१ ऑक्टोबर

पहाटेची आंघोळ. आई गेल्यापासून एकही दिवाळी अशी गेली नाही की बारक्याच्या पाठीला मी तेल लावलं नाही. तो पाटावर बसतो, कुडकुडतो, मी मुद्दाम गार हात लावते, तो ओरडतो. चव्वेचाळिसाचा झाला तरी ओरडतो. आमची दिवाळी तिथं सुरू होते.

तेल कोमट केलं, उटणं भिजवलं, पाट मांडला. म्हटलं, काढ शर्ट. तर म्हणतो, "नको ताई. यंदा माझं मी लावतो."

मला थट्टाच वाटली. म्हटलं, तुला धुतलाय-पुसलाय मी, आता लाज कसली? शर्टाला हात घातला तर माझा हात धरला त्यानं. घट्ट. आणि दारात ती उभी! म्हणाली, "राहू द्या ना ताई. हल्ली त्यांना उघडं बसायला सोसत नाही."

हल्ली! माझ्या भावाचं हल्ली मला हिच्याकडून कळायचं!

मी म्हटलं, "त्याला काय सोसतं ते मला पस्तीस वर्षं ठाऊक आहे. तुम्ही चहा बघा." ती गेली. बारक्यानं मोरीचं दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

तेलाची वाटी हातात तशीच. मग हे आले, सदरा काढून पाटावर बसले आणि म्हणाले, "चल, मला लाव. फुकट कशाला घालवायचं." लावलं. पण ती पाठ वेगळी. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते ह्यांना दिसलं नसावं, पाठमोरे होते म्हणून.

लिहायची लाज वाटते, पण लिहिते. मी जळते तिच्यावर. अगदी आतून. ती पायरी चढताना धडपडावी, लाडू कडक व्हावेत तिचे, लेकीनं तिला उलट उत्तर द्यावं, असं काहीबाही मनात येतं. बावन्न वर्षांची घोडी मी, आणि शाळेतल्या पोरीसारखी तिच्या चुका मोजते. अजून एक सापडली नाही.

१ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन पार पडलं. दाराशी लेकीनं आणि तिनं मिळून रांगोळी काढली. मी दरवर्षी काढते. यंदा पूजेची तयारी करून बाहेर आले तर काढून झालेली! टेलरबाईनं किती कौतुक करावं. "हात काय सुरेख आहे हो तुमच्या पाहुणीचा." पाहुणीचा म्हणाली, तेवढंच समाधान.

रात्रीच्या पणत्या ठेवताना मुद्दाम एक रांगोळीच्या रंगावरच ठेवली. थोडी पुसली. कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिच्या आलं. तिनं चिमटीत रंग घेऊन ते नीट केलं, आणि माझी पणती होती तिथंच राहू दिली.

२ नोव्हेंबर

वरच्या फळीवरचा डबा लेकीनं काढला. लाडू मऊसूत आहेत. तोंडात विरघळतात. दोन खाल्ले, उभ्या उभ्या, स्वयंपाकघरात कुणी नसताना.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

जिंकले. आज मी जिंकले, आणि ते लिहून ठेवायचं म्हणून बसले आहे.

घर भरलं होतं. पॉलिशवाला बायकोला घेऊन आला होता, डॉक्टर आले, टेलरबाई तर सकाळपासूनच होती. मी एक पाट मांडला, एक तबक लावलं. बारक्या नवा शर्ट घालून बसला. तेवढ्यात नंबर दोन आतून आली. हातात रुमालात गुंडाळलेलं एक छोटं पितळी तबक. घरून आणलं होतं बरोबर! निरांजन, अक्षता, सुपारी, सगळं पुडीत बांधून. म्हणजे तयारीनिशी आली होती.

मी हसत हसतच म्हणाले, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आमच्याकडे ओवाळते ती रक्ताची बहीण. मानलेल्यांचं राखीपुरतं ठीक आहे."

पॉलिशवाला लाडवाकडे बघायला लागला. लेक म्हणाली, आई! हे उठून खिडकी उघडायला गेले, ती उघडीच होती.

तिनं रुमाल पुन्हा गुंडाळला. "बरोबर आहे ताई. मान तुमचाच."

बारक्या पाटावरून उठायला लागला. चेहरा लाल. "ताई, तुला माहीत नाही—" एवढंच बोलला. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा. ताई ओवाळतायत ना." आणि तो बसला! माझ्या शब्दानं नाही, तिच्या शब्दानं बसला. मीच ओवाळलं, पण बसवला तिनं.

जाऊ दे. ओवाळलं. माझ्या हातून ओवाळला गेला, जगासमोर. त्यानं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, निरांजनाकडे बघत होता. ओवाळणीत टेबलाचा दिवा दिला, भिंग बसवलेला, कवळीच्या बारीक कामासाठी. म्हणजे माझ्या डोळ्यांचं लक्षात होतं! फार आवडला. शोधला कुणी, ते विचारलं नाही.

सगळे जेवायला बसले तेव्हा ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती. मी राहू द्या म्हटलं नाही.

जिंकल्यावर जेवण गोड लागायला हवं होतं. नाही लागलं.

४ नोव्हेंबर

गेले.

पुन्हा दोन्ही बॅगा तिच्याच खांद्यावर. बारक्या माझ्या पाया पडला, वाकताना जरा अडखळला, पोटाशी हात धरला. म्हटलं, सुटलंय ना पोट आयत्यावर? हसला. मला जवळ घेतलं त्यानं, कितीतरी वेळ. तेवढ्या वेळात मी सगळं माफ केलं त्याला.

तिला नाही. तो खाली उतरल्यावर ती मागं थांबली. म्हणाली, "ताई, एक सांगू? त्यांचा फोन आला तर उचलत जा. हातात काहीही असलं तरी. तेवढं करा."

आणि गेली.

अंगाचा नुसता तिळपापड! माझ्या भावाचा फोन उचलायचं मला ही शिकवणार! माझ्याच उंबऱ्यात उभं राहून! ह्यांना सांगितलं. म्हटलं, बघा, कशी दात दाखवून गेली शेवटी. हे म्हणाले, "ती चुकीचं काय बोलली?" मग भांडण. आता ह्यांच्याशीही अबोला. दिवाळी छान झाली एकंदरीत.

५ नोव्हेंबर, मंगळवार

बारक्याच्या पलंगाची चादर काढताना गादीखाली प्लास्टिकची फाइल सापडली. दवाखान्याची. आमच्यापासून लपवून ठेवली होती, न्यायला विसरला.

अपेंडिक्स पोटात फुटलं होतं. तातडीची शस्त्रक्रिया. आठ दिवस दाखल. खाली डॉक्टरांनी लिहिलंय, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं. तीन महिने जड उचलायचं नाही, तुपातलं-तळलेलं खायचं नाही. पोटावर टाके, बेंबीपासून खाली.

दाखल केल्याची तारीख ५ सप्टेंबर. वेळ, सायंकाळी पाच.

फॉर्मवर ते मोत्यासारखं अक्षर. जवळचे नातेवाईक. तिथं माझं नाव. पूर्ण नाव, माझा नंबर. नातं, सख्खी बहीण. त्यापुढे बारीक अक्षरात, "चार ते सव्वाचार तीन फोन केले. उत्तर नाही. बहुधा कामात असतील." आणि सगळ्यात खाली, रुग्णाला आणणाऱ्याची सही. नातं, शेजारीण.

शेजारीण.

फाइल ह्यांच्यापुढे ठेवली. ह्यांना माहीत होतं! सप्टेंबरपासून! जिन्यात पडला होता तो, मी उचलला नाही तेव्हा तिला फोन लावला, ती शाळेची व्हॅन अर्ध्यातून वळवून आली, त्याला सीटवर आडवा घालून नेलं. मी म्हटलं, मला का नाही सांगितलंत? ह्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, ताईला कळलं तर ती तारीख बघेल."

बघितली. ही वही मागे उलटली. ५ सप्टेंबर. पान तिथंच आहे, "आला! शेवटी आला शरण!"

तिसरी रिंग जरा लांब वाजली होती. मीच लिहिलंय.

६ नोव्हेंबर

बारक्याला फोन करायचं धाडस झालं नाही. तिला केला, फाइलवर सहीखाली तिचा नंबर होता. बोलायचं नव्हतंच, तोंड कुठं होतं बोलायला. लागोपाठ तीन द्यायच्या आणि कापायच्या, एवढंच ठरवलं होतं. तिला कळणार नाही, तरी द्यायच्या.

पहिल्याच रिंगेला उचलला. मागे पोरांचा गलका, व्हॅनचा आवाज, ब्रेक दाबल्याचा आवाज.

"ताई? काय झालं? तुम्ही बऱ्या आहात ना?"